‘आदर्श पत्नी, समर्पित माता’ याच्या पुढे काय लिहायचं?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: पत्र लिहिणारे गृहस्थ साठी ओलांडलेले, निवृत्त. त्यांच्या पत्नीला जाऊन दहा महिने झाले. त्या चित्रं काढत, भरतकाम करत, मुलांसाठी हातबाहुल्या शिवत आणि झोपवताना तिथल्या तिथे बडबडगीतं रचत. लग्नाआधी चित्रकलेचं रीतसर शिक्षण झालेलं. पहिल्या बाळंतपणानंतर नोकरी सोडली, ती कायमची. चित्र असं एकही विकलं नाही, भेट म्हणून मात्र पुष्कळ दिली. वर्ष पूर्ण होताना घरच्यांना एक स्मरणपुस्तिका काढायची आहे. धाकट्या मुलानं मजकूर लिहिला: ‘प्रेमळ, सोशिक, आदर्श पत्नी, समर्पित माता’. थोरल्या मुलीनं तो वाचून बाजूला ठेवला. ‘ही माझी आई नाही. आई चिडायची, दार लावून बसायची, तिला तिचं काम करायचं होतं,’ असं ती म्हणाली. त्यातच कपाट आवरताना एक वही सापडली. मागच्या पानांवर काढायच्या चित्रांची यादी, थोड्यांपुढे बरोबरची खूण, बाकीच्यांपुढे काही नाही. आणि एका पानावर एकच ओळ, बिनतारखेची: ‘सगळ्यांचं झाल्यावर माझं.’ वाचक विचारतात: पुस्तिकेत काय लिहू? वही छापू की लपवू? तिच्या नावापुढे ‘चित्रकार’ लिहिलं तर चालेल का? आणि माझ्यामुळे तिचं राहून गेलं का?

नमस्कार,

तुम्ही चार प्रश्न विचारलेत, पण शेवटचा प्रश्न पत्राच्या पहिल्या ओळीपासून जाणवत राहतो. पुस्तिका, वही, कपाट हे सगळं त्याच्या मागून येतं. म्हणून आधी त्याचंच बोलू.

‘नाही हो, मनाला लावून घेऊ नका’ असं मी सांगणार नाही. तुम्हाला ते पटणार नाही, आणि आतापर्यंत बऱ्याच जणांनी ते सांगूनही झालं असेल. पण तुम्ही त्या एका ओळीवरून सगळा संसार नव्यानं वाचायला घेतलाय, तिथे मला तुम्हाला थोडं थांबवायचं आहे. ओळीवर तारीख नाही, असं तुम्हीच लिहिता. ती कधी लिहिली असेल? दोन्ही मुलं तापानं फणफणलेली असताना, रात्री जागत? तुमच्यावर रागावून? की मुलं मोठी झाल्यावर, आता आपली पाळी आली अशा हुरुपात? एकच ओळ या तिन्ही वेळी लिहिता येते. तुम्ही त्यातला सगळ्यात जाचणारा अर्थ उचललात. माणूस गेल्यावर मन असंच करतं. समोरून उत्तर यायचं बंद होतं, मग आपण आपल्याविरुद्ध निकाल देऊन मोकळे होतो.

आणि या अपराधीपणात आणखी एक गोष्ट नकळत होते. त्यांच्या आयुष्याच्या गोष्टीत मुख्य पात्र तुम्ही होऊन बसता. तुम्ही अडवलं, तुम्ही विचारलं नाही, तुम्हाला कळलं नाही. त्यांच्या वाट्याला फक्त सोसणं उरतं. मुलानं लिहिलेल्या ‘सोशिक’ शब्दात त्या जेवढ्या गप्प आहेत, तेवढ्याच तुमच्या अपराधीपणातही गप्प आहेत. ज्या बाईंनी यादी केली, खुणा केल्या, दार लावून बसायचं तेव्हा दार लावलं, त्या गप्प नव्हत्या. त्यांनी काही निवडलं, काही सोडलं, काही पुढे ढकललं. त्यातलं किती मनापासून आणि किती नाइलाजानं, याचा हिशेब आज कुणालाच पूर्ण लागणार नाही. लागलाच पाहिजे असंही नाही.

मात्र झळ बसलीच नाही, असं कृपा करून कुणाला सांगू नका. एक कागद घ्या. ‘मी तिची कला मारली’ असली मोठी वाक्यं नकोत. घडलं तेवढंच लिहा. पाहुणे आले की टेबलावरचे रंग तीच आवरायची, ‘राहू दे’ असं मी कधी म्हटलं नाही. मुलं शाळेत जायला लागल्यावर तिला चित्रांचे वर्ग घ्यायचे होते, मी ‘बघू’ म्हणालो आणि पुन्हा विषय काढला नाही. (हे माझे अंदाज आहेत, तुमचे प्रसंग तुम्हाला माहीत.) अशी पाच-सहा वाक्यं निघतील, आणि ती निघाली की अपराधाला काहीतरी आकार येईल. मग ती मुलीला वाचून दाखवा. ती मजकुरावर भांडते आहे असं तुम्हाला वाटतं. मला वाटतं, आईचं जे तिनं लहानपणी पाहिलं ते घरात दुसऱ्या कुणीही पाहिलं होतं का, हे तिला तुमच्या तोंडून ऐकायचं आहे.

मुलाबद्दलही एक सांगते. तो खोटं लिहीत नाही. तुम्हीच म्हणता की तो बहिणीहून सात वर्षांनी लहान. थोरलीच्या वाट्याला नोकरी नुकतीच सुटलेली, हात शिवशिवणारी, घरात कोंडल्यासारखी वाटणारी तरुण आई आली. तो समजता होईपर्यंत त्याच बाईंनी स्वतःची एक घडी बसवली होती. दोघांनी एकाच आईची दोन वयं पाहिली आहेत. कोण बरोबर, हे ठरवायच्या फंदात बाप म्हणून पडू नका. आणि दुःखात तयार शब्दच आधी हाताशी येतात. त्यानं ते वापरले म्हणून त्याला आई कमी कळली असं होत नाही.

मग पुस्तिकेत काय लिहायचं? विशेषणांच्या जागी प्रसंग लिहा. तुमच्या पत्रातच एक बसला आहे. शाळेच्या नाटकासाठी मुलाला हातबाहुलीचा राजा हवा होता, तेही आदल्या रात्री कळलं. घरात योग्य कापड नव्हतं. त्यांनी तुमच्या जुन्या कोटाचं अस्तर उसवलं, त्याचा अंगरखा केला, सुतळी उकलून तिची दाढी केली आणि एक बटण मोठं, एक लहान असे डोळे लावले, म्हणून राजा कायम डोळा मिचकावल्यासारखा दिसायचा. त्या रात्री त्या सगळ्यांवर चिडल्या होत्या, हेही तुम्ही लिहिलंय. चिडल्या होत्या आणि पहाटेपर्यंत राजा तयार होता. हे असंच्या असं छापा. तुमच्या मुलाला हवी असलेली माया आणि मुलीला हवा असलेला राग, दोन्ही त्यात आहेत, आणि ‘समर्पित’ हा शब्द न लिहिताही वाचणाऱ्याला जे कळायचं ते कळतं.

हे प्रसंग गोळा करताना एक काळजी घ्या. एकत्र बसून आठवणी काढण्याआधी प्रत्येकानं आपापल्या जागी, एकमेकांशी न बोलता लिहावं. चारचौघांत बोलायला बसलं की जो ठासून सांगतो त्याची आठवण बाकीच्यांची होऊन जाते, आणि दुसऱ्यांच्या डोक्यातलं वेगळं चित्र पुसट होतं. स्मृतीवर काम करणाऱ्या मानसशास्त्रज्ञांनी हे प्रयोगांतून दाखवलं आहे. आधी लिहा, मग एकमेकांचं वाचा. जुळत नाही तिथे दोन्ही ठेवा.

बडबडगीतांचं काम तर आजच हाती घ्या. तुम्हाला दोनच ओळी आठवतात म्हणता. मुलांना आणखी दोन आठवतील, एखाद्या भाचीला पाच. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. कामाच्या ओघात त्या ओव्या रचत. मुलगा सोपानदेव आणि नात्यातले पीतांबर चौधरी यांनी जमेल तेवढं टिपून ठेवलं, म्हणून बहिणाबाई गेल्यावर १९५२ साली त्या कवितांचं पुस्तक निघू शकलं. कुणीतरी लिहून घेतलं तेवढंच आपल्यापर्यंत आलं, बाकीचं त्यांच्याबरोबर गेलं. तुमच्या घरची गीतं छापण्याजोगी आहेत की नाहीत, हा प्रश्नच आणू नका. चाल आठवत असेल तर फोनवर म्हणून ठेवा. शब्द विसरला तिथे गुणगुणा आणि पुढे जा.

आता ‘चित्रकार’. एकही चित्र विकलं नाही म्हणून तुम्ही बिचकता आहात. बर्थ मोरिझो या फ्रेंच चित्रकर्तीचं उदाहरण इथे सांगण्यासारखं आहे. १८७४ ते १८८६ या काळात दृक्-प्रत्ययवादी (इम्प्रेशनिस्ट) चित्रकारांची आठ प्रदर्शनं झाली, त्यातल्या सातांत तिची चित्रं होती. एक चुकलं ते १८७९ चं, आदल्याच वर्षी मुलगी ज्युली झाली होती. पुढे ती ज्युलीच तिच्या चित्रांत वर्षानुवर्षं दिसत राहते, खेळताना, वाचताना, वाद्य वाजवताना. १८९५ मध्ये बर्थ गेली, तीही आजारी ज्युलीची शुश्रूषा करताना स्वतः आजारी पडून. मृत्यूच्या दाखल्यावर लिहिलं गेलं की व्यवसाय नाही. थडग्यावर तिच्या नावापुढे ‘यूजीन माने यांची विधवा’ एवढीच ओळख आली. इतकं काम समोर असून नोंद करणाऱ्यांना ते दिसलं नाही. तुमच्या पत्नीची नोंद आता तुमच्या हातात आहे. त्या शिकल्या होत्या, जन्मभर चित्रं काढत राहिल्या. नाव लिहा, जन्माचं आणि मृत्यूचं वर्ष लिहा आणि पुढे ‘चित्रकार’ लिहा. पत्नी आणि आई हे त्यानंतर येऊ दे. ते वाचणाऱ्यांना ठाऊकच आहे.

मोरिझोच्या गोष्टीत मला आणखी एक ओढून घेतं. ती गेल्यावर वर्षभरानं, मार्च १८९६ मध्ये, चित्रकार दगा, मोने, रेन्वार आणि कवी मालार्मे या तिच्या मित्रांनी तिच्या साडेतीनशेहून जास्त कलाकृतींचं प्रदर्शन मांडलं. सतरा वर्षांची ज्युली मदतीला होती. आदल्या दिवशी या थोर माणसांत रेखाटनं लावलेला उभा पडदा कुठे ठेवायचा यावरून चांगलीच जुंपली, आणि ते ज्युलीनं आपल्या रोजनिशीत लिहून ठेवलं. तेव्हा तुमच्या घरात एका पानाच्या मजकुरावरून वाद होतो आहे, यानं हबकून जाऊ नका. ज्यांचं प्रेम असतं तीच माणसं अशी भांडतात.

तरीही एक शंका तुमच्या मनात राहील: मुलं आणि चित्रं यांत त्यांची ओढाताण झालीच ना? झाली. आणि त्याच वेळी राजाची दाढी मुलामुळे झाली, गीतं मुलांना झोप येत नव्हती म्हणून झाली. घरानं त्यांचा वेळ घेतला आणि घरानंच त्यांना विषय दिले. यातलं एक खरं धरून दुसरं खोडायची गरज नाही.

वहीबद्दल माझं मत स्पष्ट आहे. यादी छापा, ओळ छापू नका. यादी हे कामाचं कागदपत्र आहे; काम करणाऱ्या प्रत्येकाची यादी अर्धी राहते. ती खुणांसकट, त्यांच्या अक्षरात, फोटो काढून पुस्तिकेत घाला. ओळ मात्र खाजगी आहे. ती दूरच्या नातलगांच्या हाती पडली की तिचा न्यायनिवाडा होईल, आणि उत्तर द्यायला त्या नाहीत. दोन्ही मुलांना ती जरूर दाखवा, दोघांना एकाच दिवशी, म्हणजे ‘तुला आधी का’ हे नको. वहीत आणखी काही मनातलं असेल आणि वाचताना चोरून वाचल्यासारखं वाटत असेल, तर तिथे थांबा. पाकिटात घालून, वर तारीख टाकून ठेवून द्या. काही वर्षांनी मुलं ठरवतील. फाडू किंवा जाळू मात्र नका, दुःखाच्या पहिल्या वर्षात तर मुळीच नाही.

मेहुणीबाई अर्धं राहिलेलं भरतकाम पूर्ण करून देणार म्हणतात. हेतू चांगला आहे, तरी नको म्हणा. सुई जिथे थांबली ते ठिकाणही त्यांचंच आहे. त्या कापडावरच्या नक्षीचा माग काढून मेहुणीबाईंनी दुसऱ्या कापडावर नवं करावं.

सांभाळण्याचं आता सविस्तर सांगते, कारण मायेपोटीच बहुतेक वस्तूंची वाट लागते. चित्रं आणि भरतकाम यांचा सगळ्यात मोठा शत्रू उजेड. जलरंगाचा आणि दोऱ्याचा उडालेला रंग परत आणता येत नाही, म्हणून खिडकीसमोरच्या भिंतीवर काही लावू नका, आणि लावलेलं अधूनमधून बदला. कागदावरची चित्रं लॅमिनेट करू नका. ते नंतर काढता येत नाही. फाटलं तिथे सेलोटेप चिकटवू नका, त्याचा गोंद पिवळा पडून कागदात मुरतो. वर्तमानपत्रात गुंडाळू नका, तो कागद आम्लधर्मी असतो आणि त्याचे डाग पडतात. आम्लरहित कागद मिळाला तर उत्तम, नाहीतर धुऊन वाळवलेलं, रंग न लावलेलं सुती कापड चालेल. भरतकाम प्लास्टिकच्या पिशवीत कोंडू नका, दमट होतं. मोठं कापड घडी घालण्यापेक्षा गुंडाळून ठेवा. घडी घालावीच लागली तर मध्ये मऊ कापड भरा आणि वर्षातून एकदा घडीची जागा बदला. डांबरगोळ्या कापडाला टेकू देऊ नका.

प्रत्येक वस्तूचा फोटो काढा, दिवसाच्या उजेडात पण थेट उन्हात नाही, फ्लॅश बंद करून. भरतकामाचा एक फोटो बाजूनं उजेड घेऊन काढा, म्हणजे टाक्यांचा उठाव दिसतो. आणि मागची बाजू जरूर घ्या. गाठी कुठे मारल्या, दोरा एका पानावरून दुसऱ्या पानावर कसा नेला, कुठे उसवून पुन्हा घातलं, हे मागेच कळतं. तुमच्या मुलीला ‘आईचं काम’ म्हणजे काय हवं आहे ते तिथे दिसेल. चित्राच्या मागे, कडेला, मऊ पेन्सिलीनं साल आणि प्रसंग लिहा. पेनानं नको, शाई पुढे उमटते. फोटोंच्या तीन प्रती करा, दोन वेगवेगळ्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या घरी.

त्यांच्या फोनकडेही आत्ताच बघा. नंबर बंद पडू देऊ नका. पुष्कळ खाती त्या नंबरावर येणाऱ्या ओटीपीनं उघडतात. व्हॉट्सॲपवरचे आवाजी निरोप वेगळे काढून साठवा, फोन बदलताना तेच आधी हरवतात. त्यांचे फोटो गूगलच्या खात्यात असतील, तर दोन वर्षं न वापरलेलं खातं ती कंपनी काढून टाकू शकते, हे ध्यानात असू द्या.

हे सगळं एका दमात करायला जाऊ नका. मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शुट या संशोधकांनी १९९९ साली मांडलं की शोकातला माणूस दोन बाजूंमध्ये ये-जा करत असतो: कधी गेलेल्या माणसाकडे, कधी रोजच्या जगण्याकडे. ही ये-जा म्हणजे प्रेमातली कसूर समजू नका, माणूस तगतो तो तिच्यामुळेच. आठवड्यातली एक दुपार कपाटासाठी ठेवा. वेळ संपली की दार लावा आणि बाहेर पडा, शक्यतो कुणाला तरी भेटायला. वर्ष उलटल्यावरही रोज दिवसभर त्यांच्याशिवाय काही सुचत नसेल, जगण्यात अर्थ वाटत नसेल, झोप-जेवण ताळ्यावर येत नसेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. दीर्घकाळ रेंगाळणाऱ्या शोकाला आता वैद्यकशास्त्रात वेगळं स्थान आहे आणि त्यावर उपचार होतात. जीव नकोसा वाटायला लागला, तर वर्षाची वाट न पाहता त्याच दिवशी मुलांना सांगा आणि डॉक्टर गाठा.

राहता राहिली तारीख. वर्षाच्या दिवसापर्यंत पुस्तिका व्हायलाच हवी, असा हट्ट सोडा. त्या दिवशी टेबलावर दहा-बारा कामं मांडा, राजा मध्ये ठेवा, आणि ज्यांना त्यांनी चित्रं भेट दिली त्यांना निरोप पाठवा की आपल्याकडच्या चित्राचा फोटो आणि ते कधी, कशासाठी मिळालं हे लिहून आणा. पुस्तिकेचा निम्मा मजकूर त्यातूनच मिळेल. छपाई दोन-चार महिन्यांनी झाली तरी बिघडत नाही. मुलाचं पान मुलाच्या नावानं, मुलीचं मुलीच्या नावानं, शेजारीशेजारी; कुणी दुसऱ्याच्या मजकुराला हात लावायचा नाही. तुमचं पान शेवटी लिहा, त्या दोघांची वाचून झाल्यावर.